डाव्या पायाचा बाण

या ग्रुपवर मला ओळखणारे ओळखतात. कुणी लिहिलं की माळ्यावर पावलं वाजतात, की खाली माझी कॉमेंट असते — उंदीर बघितलेत का. कुणाच्या घरचे दिवे आपोआप लागले, की मी विचारते, इलेक्ट्रिशियन शेवटचा कधी बोलावला होता. दोघा-तिघांनी मला ब्लॉक केलंय, आणि मी चुकीचं विचारलं असं मला अजूनही वाटत नाही. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. आजही 'आहे' म्हणायला जीभ रेटत नाही. तरी लिहायला बसलेय, कारण ज्याच्या-त्याच्यावर संशय घेऊन झाला आणि आता संशय घ्यायला कुणी उरलं नाही.

आम्ही बदलापूर पश्चिमेला मांजर्लीत राहतो, दुसऱ्या मजल्यावर. बिल्डिंग नदीच्या अंगाची, म्हणून तळमजल्यावर फ्लॅट घ्यायला कुणी धजत नाही. घरात आई, बाबा आणि मी. मी अंबरनाथ एमआयडीसीत एका पॅकेजिंग कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे, म्हणजे संशय घेणं हे माझं पगारी काम. आणि फावल्या वेळात मी चार्ट बनवते.

चार्ट म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मॉलच्या गेम झोनमध्ये ते नाचायचं मशीन पाहिलं असेल — पायाखाली चार बाण, समोर स्क्रीन. स्क्रीनवर खालून वर बाण सरकत येतात, आणि गाण्याच्या ठोक्याला तोच बाण पायाने दाबायचा. हा गेम घरी कॉम्प्युटरवरही खेळता येतो, शिवाय त्यात आपल्याला हवं ते गाणं घालता येतं. पण नुसतं गाणं घालून भागत नाही. कुठल्या ठोक्याला कुठला बाण यायचा, हे कुणीतरी बसून एकेक करून ठरवावं लागतं. ती मांडणी म्हणजे चार्ट. मी कॉलेजपासून हा उद्योग करते. आई त्याला "बाण चिकटवणं" म्हणते.

माझे चार्ट काटेकोर असतात. हे मी नाही, खेळणारे म्हणतात. चार्ट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे एडिटरमध्ये, ठोक्यांच्या आडव्या रेघा असतात — पूर्ण ठोक्याची, अर्ध्याची, पावाची — आणि बाण रेघेवर म्हणजे रेघेवरच बसला पाहिजे. काही जण कानाला बरं वाटतं म्हणून रेघ सोडून ठेवतात. ते मला कच्चं काम वाटतं. मी आजवर एकही बाण रेघेबाहेर ठेवलेला नाही, हे लक्षात ठेवा.

आमच्यात अजून एक रीत आहे. आपला चार्ट आपण तपासायचा नाही. बनवणाऱ्याच्या पायांना सगळं आधीच पाठ असतं, त्याला चूक लागतच नाही. म्हणून प्रत्येकाचा एक टेस्टर असतो. माझा टेस्टर मोहित, उल्हासनगर कॅम्प चारचा. त्याच्या घरचं फोम-रेक्झिनचं वर्कशॉप आहे, सोफ्यांची कव्हरं वगैरे. गेमवरूनच ओळख झाली, मला दीदी म्हणतो. आमच्या हॉलमधलं पॅड त्यानेच बनवून दिलं — खाली प्लायवूड, मध्ये फोम, वर रेक्झिन, आणि मागे धरायला स्टीलची दांडी. माझे चार्ट आम्ही दोघांच्या एका फोल्डरमध्ये ठेवायचो. मी बनवायचं, त्याने खेळून चुका काढायच्या.

आता बाबा. गेल्या वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. डावी बाजू गेली. बोलणं परत आलं, हात बराचसा परत आला, डावा पाय मात्र आला नाही. फिजिओथेरपीवाल्या बाई घरी यायच्या. त्या म्हणाल्या, पायात ताकद आहे, पण ते उचलायलाच विसरलेत. असेच बसून राहिले तर सांधे आखडतील, मग माझ्या हातात काही राहणार नाही. आणि बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसूनच राहायचे. व्यायामाचं नाव काढलं की "उद्या".

त्यांना बाथरूमपर्यंत आई न्यायची, आणि आईची कंबर आधीच कामातून गेलेली. एकदा मी ऑफिसातून आले तर दोघं पॅसेजमध्ये भिंतीला टेकून खाली बसलेली. पडली होती, आणि दोघांनाही उठता येत नव्हतं. आई हसत होती. मला घाबरवायचं नव्हतं म्हणून हसत होती, ते कळलं मला. त्या दिवशी मी ठरवलं की हा पाय उचलला गेला पाहिजे, मग मला काहीही चिकटवावं लागो.

बाबा गुहागरकडचे. कंपनीत लागले तेव्हा अंबरनाथला चाळीत राहायचे, आणि त्या चाळीतल्या कोकणातल्या लोकांचं नाचाचं मंडळ होतं. बाल्या नाच — गौरी-गणपतीत घरोघर जाऊन रिंगण धरतात तो. मध्ये बुवा आणि ढोलकी, भोवती नाचणारे, उजव्या पायात घुंगरं बांधलेले. मंडळाची एक जुनी कॅसेट आईने कपाटात जपून ठेवली होती. मी ती कॉम्प्युटरवर घेतली आणि त्यातल्या एका गाण्याचा बाबांसाठी चार्ट बनवायला घेतला.

सोपं नव्हतं ते. ढोलकीवाला रंगात आला की लय वाढवतो, मध्येच कुणाचं तरी पोर रडतं, बुवा खोकतात. मी तुकड्यातुकड्यांनी रेघा जुळवल्या. बाण फक्त दोन घेतले, डावा आणि उजवा, तेही लांब लांब. पॅडपुढे खुर्ची ठेवली, बसल्या बसल्या नुसता पाय टेकवायचा.

गाणं सुरू झालं आणि बाबांची मान वर आली.

"हा शांतारामच्या खोलीपुढचा नाच," ते म्हणाले.

उजवा पाय बरोबर पडत होता. डावा काही ठिकाणी फरपटत यायचा, काही ठिकाणी जागचा हलायचाच नाही. पण दुसऱ्या दिवशी मी घरात पाऊल ठेवलं, तर चप्पल काढायच्या आधी म्हणाले, "लाव गो बाय ता." इतक्या महिन्यांत त्यांनी स्वतःहून मागितलेली ही पहिली गोष्ट. मग रोज संध्याकाळी आमचा तोच कार्यक्रम. फिजिओवाल्या बाईंना दाखवायला मी मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवायचे, पाय आणि स्क्रीन दोन्ही दिसतील असे.

असे काही दिवस गेले, आणि मला स्क्रीनवर एक बाण दिसला जो मी ठेवलेला नव्हता.

डावा बाण. माझ्या एका बाणानंतर, अर्ध्या ठोक्याच्या रेघेच्या किंचित पुढे. रेघ सोडून. माझ्या डब्यात दुसऱ्याच्या घरची भाजी निघावी तसं मला झालं. मी तो डिलीट केला, फाइल सेव्ह केली. दुसऱ्या दिवशी दोन होते, वेगळ्या ठिकाणी. दोन्ही डावे, दोन्ही रेघ सोडून, आणि रेघेपासूनचं अंतरही सारखं नाही.

पहिला संशय सॉफ्टवेअरवर. सगळं काढून नव्याने टाकलं. बाण आले. दुसरा संशय अर्थातच मोहितवर, कारण फोल्डर आमच्या दोघांचं. मी गाजावाजा न करता त्याला फोल्डरमधून काढून टाकलं आणि पासवर्ड बदलला. बाण आलेच. मग मला वाटलं, हा पोरगा कॉम्प्युटरमध्ये हुशार आहे, यानं कुठून तरी वाट ठेवली असणार. कुठंतरी पाणी मुरतंय हे नक्की होतं. रविवारी दुपारी थेट कॅम्प चार गाठला.

त्याचं घर वर्कशॉपच्या वरच. त्याच्या मम्मीने त्यांच्या सिंधी पद्धतीप्रमाणे पाण्याबरोबर पापड आणून ठेवला. मी पापडाला हात न लावता विषयाला हात घातला.

"मोहित, बाबांच्या चार्टमध्ये तू बाण टाकतोस का? मस्करी असेल तर आत्ता सांग."

"कसम से दीदी, ती फाइल मी एकदाच खेळलो. सुरुवातीला." त्याने फोन उघडून माझ्यापुढे धरला. "आणि आता खेळणार कशी? तुम्ही मला काढून टाकलंय. मला वाटलं गलतीसे झालं असेल. म्हणजे पहिले काढलं, आणि आता विचारायला आलात."

खरं तर तेव्हाच माफी मागायला हवी होती, पण माझा संशय एवढ्या लवकर उतरत नाही.

"ठीक आहे, ते सोडा," तो म्हणाला. "बाण कुठे कुठे येतात?"

"कुठे म्हणजे? मध्येच येतात."

"असं कसं मध्येच? काहीतरी हिशोब असेल ना. आणि अंकलला त्याने त्रास होतो का?"

"नाही. उलट ते दाबतात तो बाण."

"डाव्या पायाने?"

"हो."

"मग तुम्ही डिलीट कशाला करता दीदी?"

मी पापड न खाताच उठले. रिक्षात बसल्यावर मात्र त्याचा 'कुठे कुठे' डोक्यातून जाईना. घरी आल्या आल्या मोबाइलमधले व्हिडिओ काढले आणि चार्टशेजारी लावून बघत बसले.

प्रत्येक आगंतुक बाण अशाच जागी होता, जिथे आदल्या दिवशी बाबांचा डावा पाय चुकला होता. दुसरीकडे कुठेही नाही. पाय चुकला, आणि दुसऱ्या दिवशी त्या जागेच्या जरासं पुढे एक डावा बाण. ज्या जागी बाबांचा पाय बसला, तिथे परत बाण येत नव्हता. आणि हे व्हिडिओ मी मोहितला कधी पाठवलेच नव्हते.

म्हणजे बाबा कुठे चुकतात हे घरातल्यांनाच माहीत. आईला लॅपटॉप उघडता येत नाही. राहिले बाबा. उजवा हात शाबूत, दिवसभर वेळच वेळ, आणि मी बाण मांडताना शेजारी बसून बघत असतात. वडिलांवर संशय घ्यायचा म्हणजे बरं वाटत नाही, पण मी घेतला. फाइल पेनड्राइव्हवर घेतली, लॅपटॉपवरची उडवली, पेनड्राइव्ह पर्समध्ये टाकला आणि पर्स घेऊन अंबरनाथला गेले. ऑफिसात ती पर्स माझ्या ड्रॉवरमध्ये कुलपात. संध्याकाळी बाबांसमोर पेनड्राइव्ह लावला.

आदल्या दिवशी दोन ठिकाणी पाय चुकला होता. दोन बाण होते. फाइल शेवटची कधी बदलली ते बघितलं, तर मी सेव्ह केली होती तीच वेळ.

मी तिथेच विचारलं, "बाबा, मधले हे बाण कुठून येतात? तुम्हाला काही माहितीये?"

"ते व्हय," बाबा अगदी साधेपणाने म्हणाले. "तो शांताराम."

स्वयंपाकघरात आईचं लाटणं थांबलं.

शांतारामकाका म्हणजे बाबांचे जिवलग. एकाच कंपनीत, एकाच चाळीत, शेजारच्या खोलीत. बाबा गावाहून नवीन आले तेव्हा त्यांना मंडळात यांनीच आणलं. त्या मंडळात एक रीत होती, ती मला त्या दिवशी कळली. रिंगणात कुणी चुकलं तर तोंडाने सांगायचं नाही, कारण मध्ये बुवा गात असतात. शेजारच्याने पायाच्या अंगठ्याने हळूच टाचेला टोचायचं. एवढंच. बाकी कुणाला कळत नाही आणि चुकणाऱ्याची लाज राहते. काका कायम बाबांच्या डाव्या हाताला उभे राहायचे. पुढे बाबा चांगले नाचायला लागले, तरी त्यांनी जागा बदलली नाही.

"टाचेला लागतं माझ्या," बाबा म्हणाले. "ह्या पायाला बाकी कायच लागत नाय. तेवढं लागतं."

काका बाबांच्या झटक्याच्या आधी गेले. आजारी होते बरेच दिवस. गेले त्या दिवशी आमच्या बिल्डिंगखाली कंबरभर पाणी होतं, होडीशिवाय बाहेर पडायची सोय नव्हती. बाबा गॅलरीत उभे राहून फोनवर फोन करत होते. शेवटचं तोंडही बघायला मिळालं नाही त्यांना. त्याबद्दल ते नंतर कधी एक शब्द बोलले नाहीत.

माझं डोकंच फिरलं. आधी वाटलं, झटक्याने मेंदूवर परिणाम झाला. डॉक्टरांना फोन करून विचारलं, ते म्हणाले तसं काही नाही, बोलणं नीट आहे, आठवण नीट आहे. मग या ग्रुपवरचं तुमचंच सगळं आठवायला लागलं... गेलेलं माणूस जवळच्याला न्यायला येतं, आधी बोलावतं, लळा लावतं. त्या पोस्टखालच्या माझ्या खवट कॉमेंटीसुद्धा आठवल्या. आणि मला भीती वाटली. खरी. मी बसून एकूण एक आगंतुक बाण उडवला. रोज ऑफिसला निघायच्या आधी आणि आल्यावर, दिसला की उडवायचा.

पहिल्याच संध्याकाळी बाबांचा डावा पाय उचललाच गेला नाही. एकदाही नाही. दुसऱ्या दिवशी ते दांडीला धरून उभं राहायला गेले आणि तोल गेला, मी धरलं म्हणून निभावलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा खिडकीजवळची खुर्ची आणि "उद्या".

चौथ्या दिवशी मी चहा द्यायला गेले तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाय, तू त्याला हाकललंस काय?"

मला रडू आलं. मी स्वयंपाकघरात जाऊन आईला सगळं सांगितलं, भीतीसकट. म्हटलं, ते बाबांना न्यायला आले असले तर?

आई भांडी पुसत होती. "शांतारामभावजी? छे. ते कसले न्यायला येतायत," ती म्हणाली. "सेकंड शिफ्टला हे घरी येताना पेंगायचे, तर भावजी यांची सायकल धरून दारापर्यंत आणून सोडायचे. यांनी कुठं जायचं म्हटलं तर तेच नको म्हणायचे. तू तुझं ते उडवणं बंद कर."

मी बंद केलं.

त्यानंतरचे दिवस मला नीट सांगता येणार नाहीत, कारण मी रोज एका डोळ्याने बाबांकडे आणि एका डोळ्याने फाइलकडे बघत होते. चुकलं तिथे बाण यायचा. बाबा तो दाबायचे. दोन-तीन दिवसांत ती जागा बसली की बाण नाहीसा, आणि नवीन चुकलेल्या जागी दुसरा. खुर्ची गेली, बाबा दांडी धरून उभे राहायला लागले. मग दांडीवर एकच हात. फिजिओवाल्या बाई म्हणाल्या, हे मी शिकवलेलं नाही, पण चालू दे.

संशय घ्यायला आता एकच माणूस उरला होता, मी. टेन्शनमध्ये माणूस काहीही करतो आणि विसरतो, असं वाचलं होतं. आपला चार्ट आपण तपासायचा नाही, म्हणून मोहितला फोन केला. आधी माफी मागितली. तो म्हणाला, "जाने दो दीदी, पापड खायला या परत." फाइल पाठवली, म्हटलं बघून सांग, हे बाण माझ्या हातचे वाटतात का.

त्याचा फोन यायला बराच वेळ लागला.

"दीदी, हे तुमचे नाहीत. तुमचे बाण रेघेवर असतात. आणि हे माउसने ठेवलेलेच नाहीत." एडिटरमध्ये एक सोय असते, गाणं चालू ठेवायचं आणि पॅडवर नाचायचं, पाय पडेल तिथे बाण उमटतो. मी ती कधीच वापरत नाही, कारण माणसाचा पाय रेघेवर पडत नाही, थोडा मागेपुढे होतोच. "तसे आलेत हे," मोहित म्हणाला. "कोणीतरी पाँव मारून टाकलेत. प्रत्येकाचा टाइम थोडा अलग. तुमच्या पॅडवर अजून कोण उभं राहतं?"

मी काहीतरी थातूरमातूर बोलून फोन ठेवला.

मग एका संध्याकाळी बाबा अख्खं गाणं न चुकता नाचले. नाचले म्हणजे काय, दोन्ही पाय आळीपाळीने उचलून टेकवले, पण एकही चुकला नाही. दांडीला हात नव्हता. गाणं संपल्यावर ते पॅडवरून उतरले आणि एकटे बाथरूमला गेले. आई दारात उभी होती, हात पुढे करून, पण हात लावला नाही तिने. ते परत येऊन बसेपर्यंत आम्ही दोघी तशाच उभ्या होतो. मग आई देवघरात गेली, आणि बऱ्याच वेळाने डोळे पुसत बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी फाइल उघडली. माझेच बाण, सगळे रेघेवर. जास्तीचा एकही नाही. साहजिकच होतं, काल चूकच झाली नव्हती. बाबा पुन्हा न चुकता नाचले. तिसऱ्या दिवशीही. चार्ट मी बनवला होता तसाच्या तसा राहिला. मला वाटलं होतं मला सुटल्यासारखं वाटेल.

बाबा मात्र गाणं संपलं तरी पॅडवरून उतरायचे नाहीत. डाव्या बाजूला बघत उभे राहायचे.

आणि मग ते चुकले. शेवटच्या कडव्यात, डाव्या पायाने, अगदी सोप्या जागी. मी फाइल उघडून बघितलं, बाण नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा चुकले. बाण नव्हता. इतकी वर्षं मी लोकांचे पाय बघतेय, चुकलेला पाय आणि चुकवलेला पाय मला ओळखता येतो. बाबा तो पाय मुद्दाम हवेत ठेवत होते, आणि खाली टाचेकडे बघत होते. रोज. त्याच जागी. आणि काही येत नव्हतं.

मला बघवेना ते. एका सकाळी ऑफिसला निघायच्या आधी मी एडिटर उघडला आणि त्या जागेपुढे, अर्ध्या ठोक्यावर, एक डावा बाण ठेवला. माझ्या हाताने.

संध्याकाळी बाबांनी पाय हवेत धरला. माझा बाण आला. त्यांनी तो दाबला, आणि गाणं चालू असतानाच थांबले. दांडीला टेकून माझ्याकडे बघत राहिले.

"बाय, हा तू ठेवलास."

मी मान हलवली.

"शांतारामला चूक आधी दिसावी लागायची. मग त्याचा पाय यायचा, जरा उशिरा." ते हळूच हसले. "हा माझ्या चुकीची वाट बघत आधीच येऊन उभा होता."

"काढून टाकू का?" मी विचारलं.

"कशाला? राहू दे. तुझा तर तुझा."

तो बाण अजून आहे. बाबा आता खाली भाजी आणायला जातात, काठी घेऊन, आणि संध्याकाळी नाचतात. तेवढा एक पाय मुद्दाम चुकवतात, माझा बाण दाबतात आणि पुढे जातात. मोहितला मी परत फोल्डरमध्ये घेतलंय, आणि पापडही खाऊन आले.

कॉमेंटमध्ये जे विचारायचं ते विचारा. पेनड्राइव्ह कुलपात असताना फाइल कशी बदलली, वेळ का बदलली नाही, बाण बंद का झाले, याचं माझ्याकडे उत्तर नाही. तुमच्याकडे असेल तर सांगा, मी खरंच ऐकून घेईन. फक्त एक सांगते. रोज सकाळी निघायच्या आधी मी ती फाइल उघडते आणि शेवटच्या कडव्यापर्यंत खाली जाते. माझा बाण रेघेवर असतो. त्याच्या जरा पुढे, रेघ सोडून, अजून एखादा आलाय का ते बघते. अजून तरी आलेला नाही, आणि रोज मला थोडं वाईट वाटतं.